गुदद्वाराच्या ऑपरेशननंतर कोरडी पडलेली त्वचा आणि व्रण: रोजची काळजी

मूळव्याध, फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर), भगंदर (गुदद्वाराजवळ कातडीपर्यंत आलेला नळीसारखा मार्ग) किंवा गुदाशयाचं मोठं ऑपरेशन, काहीही झालेलं असो, पहिले काही आठवडे सगळं लक्ष दुखण्याकडे आणि रक्ताकडे असतं. मग दुखणं ओसरतं, जखम वरवर मिटते आणि वेगळाच त्रास सुरू होतो. कातडी ओढल्यासारखी वाटते. बसून उठलं की कुठेतरी बारीक चीर पडते. शौचानंतर आग होते, रात्री खाज सुटते. डॉक्टर तपासून ‘जखम छान भरतेय’ म्हणतात आणि ते खरंही असतं. पण त्या भरलेल्या जखमेवरची नवी कातडी सांभाळायची कशी, हे सविस्तर सांगायला तपासणीच्या वेळात कुणालाच सवड नसते, आणि आपल्यालाही विचारायचा संकोच वाटतो.

माझं भगंदराचं ऑपरेशन झालं. टाके घातले नव्हते, जखम उघडी ठेवून तळापासून भरू दिली होती. आता तिथे बोटाच्या पेराएवढा व्रण, म्हणजे भरलेल्या जखमेची खूण, आहे आणि त्याची देखभाल माझ्या रोजच्या आंघोळीइतकीच सवयीची झाली आहे. सर्जनना आणि ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरांना विचारून, खात्री करून घेतलेलं तेवढंच इथे लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते: या जागेची कातडी कोरडी पडते ती बहुतेक वेळा अति धुण्यामुळे आणि अति भिजण्यामुळे. म्हणून मलम कोणतं लावायचं हा प्रश्न दुसरा. पाणी किती, कसं आणि त्यानंतर लगेच काय, हा पहिला.

कोरडेपणा येतो कुठून

धडधाकट कातडी स्वतःचं तेल स्वतः तयार करते. त्यासाठी तिच्यात तैलग्रंथी असतात, घामाच्या ग्रंथी असतात. व्रणात या ग्रंथी नसतात. शरीराने घाईघाईने कोलॅजेनचे तंतू विणून खड्डा बुजवलेला असतो आणि त्यावर कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी आलेली असते. तिच्यातून ओलावा भराभर उडून जातो. म्हणून व्रण खरखरीत लागतो, ताठरतो, आणि शौचाच्या वेळी ताण आला की तडकतो. पूर्ण पिकलेल्या व्रणाची ताकदसुद्धा मूळ कातडीच्या साधारण 80 टक्क्यांपर्यंतच पोचते, आणि तीही महिनोन्‌महिने घेऊन. त्यामुळे जखम मिटली म्हणजे काम संपलं, असं धरून चालू नये.

दुसरं कारण आपल्या हातात असतं. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा सामू (pH) 5 च्या आसपास. अंगाच्या साबणाच्या वडीचा सामू 9 ते 10. ऑपरेशन झालेला माणूस घाबरलेला असतो. जंतू होतील म्हणून दर वेळी साबण लावतो, पाण्यात अँटिसेप्टिक ओततो, खसाखसा पुसतो. प्रत्येक धुण्याबरोबर वरचा संरक्षक थर निघून जातो, मग आग होते, आग होते म्हणून पुन्हा धुतलं जातं. हे थांबवल्याशिवाय कुठलंही मलम उपयोगी पडत नाही.

तिसरं कारण याच्या उलट आहे. त्या फटीत हवा खेळत नाही. जखमेचा पाझर, घाम, थोडा मळ अडकून राहतो. कातडी पांढरट, सुरकुतलेली, भिजट होते आणि ती वाळली की तिचे पोपडे निघतात. म्हणजे आज कोरडी दिसणारी कातडी काल भिजून खराब झालेली असू शकते. अशा जागेवर जाड मलम थापलं तर ओल आत कोंडते आणि त्रास वाढतो.

आधी आरसा घ्या

कुशीवर झोपा, वरचा गुडघा पोटाशी घ्या, हातात छोटा आरसा आणि मोबाइलचा दिवा. पहिल्यांदा बघायला धीर लागतो. घरातल्या विश्वासाच्या माणसाला बघायला सांगितलं तरी चालेल, फोटो काढून मग शांतपणे बघितला तरी चालेल. पण बघायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

लालबुंद, ओलसर, दाणेदार दिसतं ती अजून उघडी जखम. तिच्यातून पातळ पिवळसर पाझर येणं, पुसताना रक्ताचा ठिपका दिसणं, हे भरण्याच्या काळात चालतं. गुलाबी, चकचकीत, सुरकुत्या नसलेली दिसते ती नवी कातडी. फिकट, घट्ट, बोटाला दोरीसारखा लागतो तो व्रण. माझ्या बाबतीत बराच काळ तिन्ही एकाच जागी होतं: मध्ये छोटी ओली जखम, भोवती गुलाबी कडा, बाहेरच्या टोकाला पांढुरका व्रण. बोटभर जागेत तीन वेगवेगळ्या गरजा. उघड्या जखमेला फक्त स्वच्छ पाणी आणि डॉक्टरांनी सांगितलेलं ड्रेसिंग. नव्या कातडीला पातळ संरक्षक थर. व्रणाला ओलावा, आणि पुढे योग्य वेळ आली की हलकी मालीश.

मूळव्याधीच्या ऑपरेशनची जखम साधारण 3 ते 6 आठवड्यांत भरते. भगंदराची 4 ते 8 आठवडे, खोल असेल तर त्याहून जास्त. तुमची जखम शेजारच्या माणसापेक्षा हळू भरत असेल तर त्यात लगेच काही बिघडलंय असं नसतं. मधुमेह आणि धूम्रपान मात्र भरण्याचा वेग खरोखर कमी करतात. साखर ताब्यात ठेवणं आणि सिगारेट सोडणं हे कुठल्याही ट्यूबपेक्षा मोठं औषध आहे.

धुणं

साधं कोमट पाणी. शौचानंतर आणि आंघोळीच्या वेळी. एवढंच.

हँड शॉवर असेल तर तोटी अर्धीच उघडा, धार जखमेवर सरळ न मारता वरून ओघळू द्या. जोराचा फवारा नव्या कातडीला सोलतो. हँड शॉवर नसेल तर मगाने संथ धार सोडा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांच्या गादीने, नखं लागू न देता, हलकेच साफ करा. मळ चिकटून राहिला असेल तर खरवडू नका. दोन मिनिटं कोमट पाण्यात बसलं की तो आपोआप सुटतो.

आंघोळीत साबण आणि शाम्पू वरून वाहत तिथपर्यंत येतात हे लक्षात राहत नाही. शेवटी त्या जागेवरून नुसतं पाणी सोडायची सवय लावा. काही लावायचंच असेल तर बिनवासाचं, साबणरहित क्लेन्झर, दिवसातून एकदाच, तेही फक्त भोवतालच्या मिटलेल्या कातडीवर.

ओले वाइप्स टाळा. सौम्य, लहान मुलांसाठीचे, असं छापलेले असले तरी. त्यांतल्या अनेकांमध्ये सुगंध असतो आणि मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे टिकाऊपणासाठी घातलेलं रसायन असू शकतं. त्याची ॲलर्जी इतकी वाढली की अमेरिकेतल्या संपर्क-त्वचारोगांच्या तज्ज्ञसंस्थेने 2013 मध्ये त्याला त्या वर्षीचा ‘ॲलर्जेन’ म्हणून जाहीर केलं होतं. ऑपरेशननंतर महिनाभर न जाणारी लाल, खाजरी कातडी काही वेळा नुसते वाइप्स बंद केल्यावर शांत होते. बाहेर असताना मी कापसाच्या चकत्या आणि पाण्याची छोटी बाटली जवळ ठेवते.

कोमट पाण्यात बसणं

सिट्झ बाथ म्हणजे पसरट टबमध्ये किंवा कमोडवर बसणाऱ्या भांड्यात कोमट पाणी घेऊन बसणं. उष्णतेने आतला स्नायू सैल पडतो, रक्तपुरवठा वाढतो, दुखणं आणि खाज दोन्ही कमी होतात. पाणी अंगाच्या तापमानापेक्षा किंचित गरम, 40 अंश सेल्सिअसच्या आतबाहेर. मनगटाची आतली बाजू बुडवा. सुखद वाटलं पाहिजे, चटका नको. ऑपरेशननंतर त्या जागेची संवेदना बदललेली असते, म्हणून बुडाच्या अंदाजावर भरवसा ठेवू नका.

वेळ 10 ते 15 मिनिटं. सुरुवातीला दिवसातून 2-3 वेळा आणि शौचानंतर. बरं वाटतं म्हणून अर्धा-पाऊण तास बसू नका, कातडी भिजून नरम पडते आणि नंतर दुप्पट कोरडी होते. जखम मिटत आली की वेळा कमी करत न्या. पाण्यात काही घालायची गरज नसते. जंतुनाशक द्रव तर अजिबात नको, ते नव्या पेशींनाही भाजतं. उठताना कठड्याला धरून हळू उठा, कारण गरम पाण्यातून एकदम उभं राहिलं की चक्कर येऊ शकते. टब दर वेळी धुऊन, पालथा घालून वाळवा.

जखमेवर गॉझ असेल आणि तो चिकटला असेल तर कोरडा ओढू नका. तसंच पाण्यात बसा. पाच-सात मिनिटांनी गॉझच्या कडा फुगतात, पाण्यात तरंगायला लागतात, आणि मग तो बोटाने नुसता उचलला तरी येतो. कोरडा ओढलेला गॉझ रात्रभरात आलेली नवी कातडी सोबत घेऊन येतो, आणि ती पुन्हा यायला तेवढाच वेळ लागतो.

‘जखम उघडी ठेवा, वाळू द्या’ असा सल्ला अजून मिळतो. 1962 मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या जखमांवर प्रयोग करून दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या, खपली धरलेल्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने पसरते. खपलीखालून पेशींना वाट काढावी लागते. त्यामुळे जखमेपुरता हलका ओलावा चांगला, भोवतालची कातडी मात्र कोरडी. हा फरक जमला की अर्धं काम झालं.

टिपणं आणि मग लगेच मलम

मऊ सुती कापड दुमडून नुसतं दाबा, उचला, जागा बदला, पुन्हा दाबा. घासू नका. हेअर ड्रायर वापरायचा असेल तर थंड हवेवर आणि हातभर अंतरावरून. गरम हवा व्रणाला आणखी सुकवते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवी कातडी आणि व्रण पूर्ण कोरडे, ताणल्यासारखे होईपर्यंत थांबू नका. टिपल्यावर थोडा दमटपणा उरलेला असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, मलमाचा थर द्या. मलम स्वतः फारसा ओलावा देत नाही, असलेला अडकवून ठेवतं. कोरड्याठाक कातडीवर लावलं तर अडकवायला काही उरलेलंच नसतं.

माझी पहिली पसंती साध्या पांढऱ्या पेट्रोलियम जेलीला. बिनवासाची, बिनरंगाची. तिच्यात पाणी नाही, म्हणून टिकाऊपणासाठी रसायनं घालावी लागत नाहीत, म्हणून झोंबत नाही. तर्जनीच्या टोकावर मावेल त्याच्या निम्मी पुरते. हात धुऊन जेली अंगठा आणि तर्जनीमध्ये दहा-पंधरा सेकंद चोळायची, म्हणजे ती ऊब लागून पातळ होते. मग बोट कातडीवर ओढायचं नाही, टेकवायचं: टेकव, उचल, पुढे टेकव, असं कडेने गोल फिरायचं. शेवटी बोट कातडीवरून सहज सरकलं पाहिजे, पण बघताना पांढरा थर दिसता कामा नये. थर दिसत असेल तर जास्त झालं, कापडाने टिपून काढा. डब्यात रोज बोट घालण्यापेक्षा ट्यूब बरी, नाहीतर स्वच्छ चमच्याने थोडी छोट्या वाटीत काढून घ्या.

ज्यांना पाझर येतो, पातळ शौच लागते किंवा मळ थोडा झिरपतो त्यांच्यासाठी झिंक ऑक्साइडचं मलम जास्त कामाचं. लहान मुलांच्या लंगोटाच्या पुरळासाठी मिळतं तेच. ते ओल कातडीपर्यंत पोचू देत नाही. दर वेळी मात्र ते पूर्ण खरवडून काढायचं नसतं. मळलेला वरचा थर तेवढा काढा, खालचा राहू द्या, त्यावर नवा द्या. पूर्ण काढायचंच झालं तर पाण्याऐवजी बिनवासाच्या तेलात भिजवलेला कापूस फिरवा. डायमेथिकोन असलेलं संरक्षक क्रीमही चालतं, ते कमी चिकट असतं आणि दिवसा कपड्यांखाली बरं पडतं.

यातलं काहीही उघड्या जखमेच्या आत, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय, भरायचं नाही. फिशरसाठी गुदाचा स्नायू सैल करणारं डिल्टियाझेम किंवा नायट्रोग्लिसरीनचं मलम दिलं असेल तर आधी ते, ठरवून दिलेल्या मापात, आणि थोड्या वेळाने वरून संरक्षक मलम. नायट्रोग्लिसरीनने डोकं दुखतं, बोटातूनही ते शरीरात जातं, म्हणून हातमोजा घाला. लैंगिक ताठरतेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते वापरू नये, रक्तदाब धोकादायकरीत्या उतरतो. ही गोष्ट डॉक्टरांना सांगायला लाजू नका.

काय लावू नये

टाचांच्या भेगांसाठी, कोपरांसाठी उत्तम असलेली युरिया किंवा लॅक्टिक ॲसिडची क्रीम इथे भयंकर झोंबतात. सुगंधी लोशन, अल्कोहोल असलेली जेल, टी-ट्री तेल, पावडर, हे सगळं बाजूला ठेवा. पावडर ओल शोषते आणि तिच्या गुठळ्या होऊन त्या घासतात. खोबरेल तेल पूर्ण मिटलेल्या कातडीवर अनेकांना मानवतं, बिनवासाचं असेल तर.

व्हिटॅमिन ई व्रणावर चोळायची प्रथा फार आहे. त्याने व्रण सुधारतो याला भक्कम पुरावा नाही आणि कित्येकांना त्याची पुरळ येते. मी ते सुचवत नाही. बधिर करणाऱ्या मलमांनी तात्पुरतं बरं वाटतं, पण बेन्झोकेन, सिंकोकेन यांसारख्या औषधांची आणि निओमायसिन या प्रतिजैविकाची ॲलर्जी याच जागेवर वारंवार दिसते. मलम लावल्यावर खाज वाढत गेली तर जखमेला दोष देण्याआधी मलमाकडे बघा.

स्टेरॉइडच्या मलमाबद्दल जरा ठामपणे सांगते. हायड्रोकॉर्टिझोनने खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून ते सुटता सुटत नाही. पण स्टेरॉइड कातडी पातळ करतं, आणि आपली कातडी मुळातच पातळ आहे. डॉक्टरांनी दिलं असेल तर सांगितलेल्या दिवसांपुरतंच, सहसा आठवडा-दोन आठवडे, आणि मिटलेल्या कातडीवरच. मागच्या वर्षीची उरलेली ट्यूब शोधून लावायची नाही.

कुठलंही नवं मलम आधी हाताच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघा. आणि एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं ते कधीच कळत नाही.

खाज

व्रण भरताना खाजतोच. तुटलेल्या नसा पुन्हा वाढत असतात, भरणाऱ्या जखमेत हिस्टामाइन सुटत असतं, त्यात कोरडेपणाची भर. दिवसा कामात लक्ष नसतं, रात्री मात्र झोपेत हात जातो. नखं बारीक कापा. झोपण्याआधी पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात बसून, टिपून, मलम लावून झोपा. खाज उसळली तर थंड पाण्यात भिजवून पिळलेलं कापड पाच मिनिटं दाबून धरा. बर्फ थेट लावू नका, कापडात गुंडाळूनच. फारच होत असेल तर हातात सुती मोजे घालून झोपणं वेडगळ वाटलं तरी उपयोगी पडतं. झोप येणारी खाजेची गोळी डॉक्टरांना विचारून काही रात्री घेता येते.

खाजेबरोबर लालभडक चट्टा, त्याच्या कडेने छोटे छोटे लाल ठिपके दिसत असतील तर ती बुरशी असू शकते, विशेषतः अँटिबायोटिक्स घेतल्यानंतर किंवा मधुमेहात. त्यावर पेट्रोलियम जेलीचा उपयोग नाही, बुरशीविरोधी मलम लागतं आणि ते तपासून घेऊनच.

मळ झिरपून खाज येते हेही सामान्य आहे. कॉफीने अनेकांचा गुदाचा स्नायू सैल पडतो आणि झिरपणं वाढतं. काही दिवस बंद करून बघा.

व्रण मऊ करणं

मालीश केव्हा सुरू करायची याला एकच निकष: जखम पूर्ण मिटलेली, खपली नाही, पाझर नाही, आणि सर्जननी तपासून हो म्हटलेलं. बहुतेकांच्या बाबतीत ऑपरेशननंतर दीड-दोन महिन्यांच्या आत ही वेळ येत नाही. त्याआधी ओढाताण केली तर जखम उलगडते.

हात धुवा, कुशीवर झोपा, बोटावर थोडी जेली घ्या. व्रणावर बोटाची गादी ठेवून नखाचं टोक जेमतेम पांढरं होईल एवढाच दाब द्या. बोट कातडीवरून घसरवायचं नाही, कातडीसकट हलवायचं: खालच्या थरावर वरची कातडी सरकते आहे असं जाणवलं पाहिजे. आधी छोटी वर्तुळं, मग व्रणाच्या लांबीच्या दिशेने, मग आडवं. एकेका जागी श्वास सोडेपर्यंत दाबून थांबा, चिकटलेला भाग हळूहळू सैल पडतो. पाच मिनिटं, दिवसातून एकदा-दोनदा. ओढ जाणवली तर चालेल, टोचणं किंवा जळजळ नको. नंतर कातडी तासाभरात मूळ रंगावर आली नाही तर दुसऱ्या दिवशी दाब निम्मा करा. हे सगळं बाहेरच्या व्रणासाठी आहे. गुदद्वाराच्या आत बोट घालून स्वतः मालीश करू नका. आतला भाग आकसला असेल तर ते काम सर्जन किंवा ओटीपोटाच्या स्नायूंच्या फिजिओथेरपिस्टचं.

नितंबावर किंवा बाहेरच्या बाजूला व्रण उचललेला, जाड झाला असेल तर सिलिकॉन जेल उपयोगी पडतं. पूर्ण मिटलेल्या कातडीवर पातळ थर, दिवसातून दोनदा, किमान 2-3 महिने. सिलिकॉनच्या पट्ट्या या जागी टिकत नाहीत, घामाने सुटतात. फटीच्या आत, गुदद्वाराला लागून, ते लावायचं की नाही हे विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. दुखण्याच्या भीतीने आपण दिवसभर बूड आवळून बसलेलो असतो. आवळलेल्या स्नायूवर व्रण ताणलेलाच राहतो, मग कितीही मलम लावा. दिवसातून काही वेळा थांबून बघा: जबडा, खांदे, पोट आवळलेलं आहे का? श्वास पोटात घ्या आणि सोडताना खालचा भाग सैल सोडा. मला मलमाइतकाच फरक याने पडला.

पोट

कोरड्या व्रणाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे कडक शौच, आणि त्याच्या खालोखाल सतत पातळ शौच. कडक मळ चीर पाडतो, पातळ मळ कातडी भाजतो. मऊ पण आकार असलेली शौच हवी. ती बाहेर पडताना भरणारा मार्ग आपोआप हलकेच ताणला जातो आणि व्रण आकसून तो अरुंद होण्याचा धोका कमी होतो. म्हणून जुलाबाच्या औषधावर महिनोन्‌महिने नुसती पाण्यासारखी शौच ठेवणं बरोबर नाही.

दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतू: फळं, भाज्या, सालासकट धान्यं आणि डाळी. एकदम वाढवू नका, पोट फुगतं. इसबगोल घेत असाल तर त्यावर पेलाभर पाणी प्यायलाच हवं, नाहीतर ते उलट अडकतं. एवढ्याने भागलं नाही तर लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारखी औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याने. जायच्या आधी बाहेरच्या कडेला जेलीचं बोट लावलं तर घर्षण कमी होतं. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या. पाच मिनिटांत झालं नाही तर उठा. मोबाइल बाहेर ठेवा.

कपडे सुती आणि सैल. फटीत मऊ गॉझची घडी ठेवली तर ओल शोषली जाते, ओली झाली की बदला. मधे भोक असलेली गोल उशी नको, तिने भोवतालचा भाग दाबला जाऊन मधला भाग लोंबतो आणि सुजतो. साधी मऊ उशी घ्या आणि तासा-अर्ध्या तासाने उठा.

तुमचं वेगळं असू शकतं

रेडिएशन झालेली कातडी वरून सारखीच कोरडी दिसली तरी तिचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो आणि ती सहज फुटते. तिच्यासाठी ऑन्कॉलॉजीच्या टीमने दिलेलंच वापरा, मालीशही त्यांना विचारून. गुदद्वार काढून ती जागा शिवून टाकलेल्यांची जखम भरायला बराच जास्त वेळ लागतो. क्रोन्सच्या आजारात (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) भगंदर पुन्हा उघडण्याची शक्यता असते, तिथे कातडीबरोबर आतड्याचा उपचार चालू राहावा लागतो. सेटॉनचा दोरा (भगंदराच्या मार्गात घालून ठेवलेला) असेल तर त्याच्याभोवती रोज पाण्याने धुवा, दोऱ्याच्या कडेला पातळ जेली लावा, दोरा ओढू नका.

डॉक्टरांकडे केव्हा

ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर गेला, दुखणं कमी होण्याऐवजी दिवसेंदिवस वाढत चाललं, घाण वासाचा पू आला, गुठळ्यांसह किंवा न थांबणारं रक्त आलं, लघवी होईनाशी झाली, तर त्याच दिवशी जा. शौच पेन्सिलीसारखी बारीक होऊ लागली आणि कुंथावं लागत असेल तर मार्ग आकसला असू शकतो. हे लवकर दाखवलं तर सोपं असतं. जखमेतून लाल, मऊ, सहज रक्त येणारा मांसल भाग कातडीच्या वर उचलून आला तर त्यावर सिल्व्हर नायट्रेट लावून तो बसवता येतो, घरी काही करायचं नसतं. आणि तीन महिने झाले तरी तीच चीर पुन्हा पुन्हा उघडत असेल, नवा फोड किंवा गाठ दिसत असेल, तर मलमं बदलत बसू नका.

जाताना वापरत असलेल्या सगळ्या ट्यूबा, वाइप्स आणि क्लेन्झर एका पिशवीत घालून न्या, आणि आठवड्याचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. तपासताना ‘थोडी कोरडी वाटते’ असं म्हणू नका. कुठे, शौचाच्या आधी की नंतर, किती वेळ, रात्री झोपमोड होते का, असं सांगा. डॉक्टर त्या जागेची दिशा घड्याळाच्या आकड्यांवरून बोलतात. पाठीवर झोपलं की 12 वाजता पुढची बाजू, 6 वाजता माकडहाडाची. ‘5 वाजताच्या जागी चीर पडते’ असं म्हटलंत की त्यांना नेमकी जागा लगेच सापडते.